पॅच टेस्टचं दुसरं वाचन : माझा अनुभव

हाताच्या एक्झिमासाठी कुणाला पॅच टेस्ट (पाठीवर पट्ट्या लावून कशाची ॲलर्जी आहे ते शोधायची चाचणी; पाठ बघून निकाल नोंदवणं म्हणजे वाचन) सांगितली असेल तर नंबर लावतानाच खिडकीवर विचारा : "पट्ट्या काढल्यानंतरचं दुसरं वाचन कोणत्या वारी, आणि त्या दिवशी ओपीडी चालू आहे ना?" मला हे कुणीही सांगितलं नव्हतं. त्यापायी जो मनस्ताप झाला त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव वेंगुर्ले तालुक्यात. शिमग्याच्या आगेमागे ओल्या काजूगरांचा हंगाम असतो. हिरव्या बिया चिरायच्या, गर काढायचे आणि शेकड्यावर विकायचे, हे आमच्या घरातल्या बायकांचं काम. टरफलातल्या चिकात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं, ते कातडी जाळतं. काजू, आंबा, बिब्बा हे सगळे एकाच कुळातले. बोटं काळी पडणं, साल निघणं हे आम्हांला नवं नाही. खोबरेल आणि राख चोळून बसायचं, हंगाम सरला की हात पूर्ववत.

त्या वर्षी तसं झालं नाही. हात सांभाळायला म्हणून बाजारातून रबरी हातमोजे आणले होते, तेच भांडी घासतानाही घालत होते. हंगाम संपला, पाऊस लागला, तरी बोटांना भेगा, पाणी सुटणं, रात्रभर खाज. सासूबाई म्हणायच्या, "चीक उतलो तुका, खोबरेल लाव." पण लाली मनगटावर एका सरळ रेषेत थांबत होती. चीक असा रेघ आखून उतत नाही.

तालुक्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ती रेघ बघितली आणि मोजे तिथंच बंद करायला लावले. थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइडचं मलम दिलं, साबण कमी करून दिवसातून अनेकदा साधं व्हॅसलीन लावायला सांगितलं. नक्की कशाची ॲलर्जी आहे ते कळायला पॅच टेस्ट हवी, ती घाटावरच्या मोठ्या रुग्णालयात होईल म्हणाले. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात घामाने पट्ट्या सुटतात, म्हणून दिवाळीनंतरची तारीख घेतली. तिथवर सगळं सरळ झालं.

जाताना काय न्यावं, तेही आत्ताच सांगते. वापरातले मोजे, भांड्यांचा साबण, हाताला लावायचं क्रीम, जे जे हाताशी येतं ते सगळं पिशवीत घाला. मी टरफलाचा चीकही बाटलीत नेला होता. डॉक्टरांनी तो लावायला साफ नकार दिला, कारण कच्चा चीक कुणाचीही पाठ भाजून काढतो, त्यातून ॲलर्जी सिद्ध होत नाही. मोज्याचा मात्र तुकडा कापून घेतला.

चाचणी अशी असते. छोट्या चपट्या वाट्यांमध्ये एकेक पदार्थ भरून त्या चिकटपट्टीने पाठीवर लावतात. भारतीय रुग्णांसाठी ठरलेला एक संच असतो. त्यात निकेल, सिमेंटमधलं क्रोमेट, केसांच्या कलपातलं रसायन, सुगंधी द्रव्यं, गाजरगवत, रबरातली रसायनं वगैरे असतात. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, ओझं उचलायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मग पट्ट्या काढून पहिलं वाचन आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी दुसरं. माझ्या पट्ट्या सोमवारी लावल्या. बुधवारी काढल्या, जागा पेनने आखल्या. सुगंधी द्रव्याच्या जागी चांगलंच लाल होतं. रबराच्या जागेवर डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह लिहिलं आणि म्हणाले, "शुक्रवारी या, तेव्हा नक्की होईल."

शुक्रवारी सरकारी सुट्टी होती.

मी मावसबहिणीकडे मुक्कामाला होते. पालथी झोपायची, पाठीला पाणी न लावता जेमतेम अंग पुसायची. शुक्रवारी सकाळी रुग्णालयात गेले तर ओपीडीला कुलूप. केसपेपरच्या खिडकीवर आपत्कालीन विभागाचा माणूस होता. तो म्हणाला, "सोमवारी या, नवीन केसपेपर काढा." सोमवारी पाठीवर काय उरणार होतं? मी समजावून सांगू लागले तर म्हणाला, "बुधवारी बघितलंय ना, मग झालं की." बाजूला उभी असलेली नर्सही तेच म्हणाली.

झालं नव्हतं. ही ॲलर्जी उशिरा फुलणारी असते. शरीरातल्या पेशी त्या पदार्थाला ओळखून तिथं गोळा व्हायला दोन दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. नुसत्या चुरचुरीने आलेली लाली पट्टी काढल्यावर ओसरत जाते, खरी ॲलर्जी टिकते किंवा वाढते. दोन्हींतला फरक दुसऱ्या वाचनातच कळतो. ही चाचणी याडासोहन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली मांडली. सव्वाशे वर्षं उलटून गेली, तरी ज्या रुग्णालयात ती रोज होते तिथल्या खिडकीवर शुक्रवारचं महत्त्व कुणाला ठाऊक नसावं? सोमवारी पट्ट्या लावताना कॅलेंडरकडे एक नजर टाकली असती तर पुढचा आठवडा देता आला असता. लांबून, एसटीने घाट चढून येणाऱ्या बाईचा आठवडा काय फुकटचा असतो?

मी तिथून हलले नाही. वॉर्ड कुठल्या मजल्यावर ते विचारत गेले. रखवालदाराने दारात अडवलं, भेटीची वेळ संध्याकाळची म्हणाला. केसपेपर दाखवून सांगितलं, मी भेटायला आलेली नाही, माझी तपासणी अर्धी राहिली आहे. बराच वेळ बाकावर बसले. शेवटी ड्युटीवरच्या निवासी डॉक्टर बाई स्वतः बाहेर आल्या, पाठीवरच्या खुणा बघितल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात." खिडकीजवळ उजेडात नेऊन त्यांनी एकेक जागा बोटाने चाचपली. सुगंधी द्रव्याची लाली जवळजवळ गेली होती. प्रश्नचिन्हाच्या जागी मात्र सूज आणि बारीक पुरळ. थायूरम, दोन अधिक (++), म्हणजे ठळक ॲलर्जी. मोज्याच्या तुकड्याखालीही तसंच. थायूरम रबर पक्कं करताना वापरतात. केसपेपरवर सही-शिक्का झाला तेव्हा मला रडू आलं, आणि आपण अडून राहिलो याचा अभिमानही वाटला.

बुधवारच्या कागदावर थांबले असते तर साबण-अत्तर टाळत बसले असते आणि रबरी मोजे पुन्हा चढवले असते.

पट्टीची कड सुटू लागली तर वरून कागदी चिकटपट्टी लावा, मूळ पट्टी उचकटू नका. रोज पाठीचा फोटो काढून ठेवा. चाचणीआधी पाठीवर मलम नको. पोटातून प्रेडनिसोलोनसारखी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, तिने निकाल झाकला जातो. पण ती मनाने बंद करू नका.

आता मी व्हिनाइलचे मोजे वापरते, आत सुती मोजे घालून. नायट्राइलच्या मोज्यांतही पुष्कळदा अशीच रसायनं असतात, म्हणून डॉक्टरांनी तेही नको सांगितले. व्हिनाइल लवकर फाटतं, फाटलं की चीक आत जातो, त्यामुळे जोड्या जास्त लागतात. तो खर्च मी शेकड्याच्या भावात धरते. दाताच्या डॉक्टरांकडे किंवा ऑपरेशनला जायचं झालं तर ॲलर्जीची चिठ्ठी आधी दाखवायची, म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधारकार्डाबरोबर ठेवली आहे.