जेलीफिश वाढले की दोष फक्त उन्हाला द्यायचा का?

आमच्या जळगाव-भुसावळपासून समुद्र लांब आहे, पण तापी इथूनच जाते आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते, त्यामुळे तिकडे काय चाललंय ते मला परकं वाटत नाही. सध्या डोक्यात जेलीफिश आहेत. 2018 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत जुहू-गिरगावला लोकांना डंख झाले, तेव्हापासून ऐकतोय, समुद्र तापला म्हणून हे वाढले. पण तिथे आलेला ब्लू बॉटल हा खरा जेलीफिश नाहीच, जवळच्या कुळातला आहे, हवेचा फुगा घेऊन पाण्यावर तरंगतो आणि वारा नेईल तिकडे जातो, पावसाळी वारा किनाऱ्याकडे जोरात वाहिला की वाळूत खच पडतो. मग ते वाढले की नुसते इकडे ढकलले गेले, हे चौपाटीवर उभं राहून कसं कळणार?

खऱ्या जेलीफिशचं अजून वेगळं. बऱ्याच जातींची पॉलिप नावाची एक अवस्था असते, काही मिलिमीटरची, खडकाला, शिंपल्याला, जेट्टीच्या खांबाला चिकटून बसलेली, कोणाला दिसतही नाही. आपल्याकडे गुलाबी बोंडअळी पऱ्हाट्यांत आणि सरकीत दबा धरून बसते ना, तसंच हे. पाण्याचं तापमान बदललं, खायला मिळालं, की एका पॉलिपपासून चकत्या सुटतात आणि प्रत्येक चकतीचा एक जेलीफिश होतो! आणि गंमत म्हणजे थंड समुद्रातल्या मून जेली नावाच्या जातीला या चकत्या सोडायला आधी हिवाळ्याचा गारवा लागतो. म्हणजे हिवाळा उबदार गेला तर ते उलट कमीच होऊ शकतात.

पलाऊ देशात जेलीफिशने भरलेलं एक तळं आहे, 1998 च्या एल निनोत पाणी तापलं तर तिथले पोहणारे जेलीफिश जवळजवळ संपले, नंतर परत आले, आणि 2016 च्या दुष्काळात पुन्हा तेच. बेरिंग समुद्रात 1990 च्या दशकात ते खूप वाढले आणि 2000 नंतर धाडकन कमी झाले. भूमध्य समुद्रातल्या पेलाजिया नावाच्या जेलीफिशच्या जुन्या नोंदी 1989 मध्ये तपासल्या तेव्हा साधारण 12 वर्षांचा फेरा दिसला, कमी पाऊस आणि गरम हवा आधी, मग त्यांची गर्दी (या जातीला पॉलिप अवस्थाच नाही, सगळं आयुष्य पोहण्यात). 2013 मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र केल्या तर जवळपास 20 वर्षांचा चढउतार निघाला. म्हणून पाच-सात वर्षांचा ग्राफ दाखवून कोणी "वाढतायत" म्हणालं की मला ते पटत नाही.

याचा अर्थ माणसाचा हात नाही असं अजिबात नाही हां. नामिबियाजवळ सार्डिन मासे बेसुमार पकडले आणि तिथे जेलीफिशचं वजन माशांपेक्षा जास्त झालं. अरबी समुद्रात खोलवर ऑक्सिजन आधीच खूप कमी आहे, आणि माशांचा जीव गुदमरतो तिथे काही जेलीफिश टिकून राहतात. त्यात खतांचं पाणी नद्यांतून गेलं की शेवाळ आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) वाढतात, म्हणजे जेलीफिशला खाणं. हवामानाने एखादं वर्ष त्यांच्या बाजूने दिलं की ही तयारी कामाला येते. केळीला दिलेलं जास्तीचं खत पावसात वाहून तापीत जातं, तेव्हा ते गुजरातेत तापीवरच्या उकाईच्या धरणात किती अडतं आणि समुद्रापर्यंत किती पोचतं, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.