रस्ता सांगेल त्या क्रमाने

सेंट क्रॉय हे कॅरिबियनमधलं बेट पूर्व-पश्चिम जेमतेम ४५ किलोमीटर. कुठे न थांबता गाडी हाणली तर तास-दीड तासात माणूस या टोकाचा त्या टोकाला पोचतो, पुढे समुद्रच. पण याच बेटावर 'हेरिटेज ट्रेल' म्हणून एक मार्ग आखून ठेवलाय. गाइड नाही, बस नाही. हातात नकाशा घ्यायचा, भाड्याची गाडी घ्यायची आणि आपलं आपण निघायचं. या मार्गाची लांबी ७२ मैल, म्हणजे जवळपास ११६ किलोमीटर. एवढ्याशा बेटात एवढा रस्ता मावायचा तर तो सरळ जाऊच शकत नाही. तो आत वळतो, डोंगरावर चढतो, समुद्र दिसला की तिकडे धावतो. आखणाऱ्याला लोकांना लवकर पोचवायचंच नव्हतं, हे नकाशा उघडताक्षणी कळतं. मला तो मनुष्य तिथेच आवडला.

गाडी भाचा चालवत होता. तो अमेरिकेत असतो, आणि सेंट क्रॉय अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्सपैकी, त्यामुळे त्याचं लायसन्स तिथे चालतं. चालत नाही ती सवय. इथे गाड्या डावीकडून जातात. अमेरिकेच्या झेंड्याखाली दुसरीकडे कुठे असं नाही. १९१७ साली अमेरिकेने ही बेटं डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरचं सोनं मोजून विकत घेतली. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि जर्मनी इथे येऊन बसेल अशी धास्ती होती. गंमत बघा, विकणारा देश उजवीकडून चालणारा, घेणाराही उजवीकडूनच. बेट मात्र डावीकडून चालत होतं आणि दोघांनाही न जुमानता अजून तसंच चालतंय. गाड्या येतात अमेरिकेतून, म्हणजे स्टिअरिंगही डावीकडे. परिणाम असा की ड्रायव्हर बसतो गटाराच्या कडेला आणि रस्त्याच्या मध्याकडे बसतो शेजारचा माणूस. तो माणूस मी होते.

पुण्यात वर्षानुवर्षं ज्या बाजूला बसून गाडी चालवली त्याच बाजूला मी बसले होते, फक्त पुढ्यात स्टिअरिंग नव्हतं. पाय आपोआप ब्रेक शोधायचा. भाच्याला पुढचा ट्रक ओलांडायचा असला की बिचाऱ्याला समोरचं काही दिसायचं नाही.

"मावशी, समोरून काही येतंय का गं?"

"थांब, एक पांढरी गाडी येतेय. गेली. आता जा. अरे, जा ना!"

'आपलं आपण फिरा' असं नकाशावर कितीही लिहिलेलं असो, इथे एकट्याने ओव्हरटेक करणं कठीण आहे. क्लीनरचं काम मला बिनपगारी मिळालं आणि ते मी चोख केलं असं माझं मत आहे. भाच्याचं मत त्याला विचारा.

दुसरं भांडण मोबाइलचं. मोबाइलला वेळ वाचवायचं वेड. तो उठसूट आम्हाला दक्षिणेकडच्या मेल्विन इव्हान्स हायवेवर न्यायला बघायचा, कारण तिथे ताशी ५५ मैल जाता येतं. बाकी बेटावर बहुतेक ठिकाणी ३५च्या वर जायचं नसतं, आणि खड्ड्यांमुळे जायची हिंमतही होत नाही. (खड्डे बघून मला जरा घरच्यासारखं वाटलं, हे भाच्यापाशी बोलले नाही.) शेवटी आम्ही मोबाइल डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला आणि रस्ता माणसांना विचारायला लागलो.

तिथे रस्ता विचारायचीही रीत आहे. काच खाली करून एकदम "अमुक कुठे आहे?" असं विचारलं की समोरचा नुसता बघत राहतो. आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, त्याचं उत्तर येऊ द्यायचं आणि मग काय ते विचारायचं. दुपारी 'गुड आफ्टरनून'. संध्याकाळी दुकानात शिरताना 'गुड नाइट', निघताना नव्हे, शिरताना! एकदा नमस्कार-चमत्कार झाले की मग माणूस हातातलं काम टाकून रस्ता सांगतो. आणि सांगतो ते इस्टेटींच्या नावाने. उसाचे मळे गेले, मळ्यांची नावं राहिली, तेच आजचे पत्ते. अपर लव्ह, लोअर लव्ह, जेलसी, अ‍ॅनाज होप, बॅरन स्पॉट, व्हील ऑफ फॉर्च्यून, वर्क अँड रेस्ट. जुडिथ्स फॅन्सी नावाची इस्टेट आहे आणि स्लॉब नावाचीही आहे. "लोअर लव्हवरून सरळ जा" असं एका पोक्त बाईने गंभीर चेहऱ्याने सांगितलं तेव्हा भाचा पुढची पाच मिनिटं हसत होता. त्याचं लग्न ठरायचं होतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रेडरिक्स्टेड गावच्या धक्क्याला क्रूझची बोट लागली की उघड्या गाड्यांतून पर्यटकांना हिंडवतात. गाइड त्यांना इतिहास तारखेवार सांगतो: आधी कोलंबस, मग फ्रेंच, मग डॅनिश, मग साखर, मग गुलामांची सुटका, मग अमेरिका. ऐकताना सगळं कसं पायरीपायरीने घडत गेलं असं वाटतं. रस्त्याला तारखा कळत नाहीत. तो जे जिथे घडलं तिथे ते दाखवतो, आधीचं नंतर, नंतरचं आधी. आम्ही निघालो पूर्वेच्या पॉइंट उडॉलपासून. निवडुंग आणि काटेरी झुडपांचा भाग, भणभण वारा, आणि टेकडीवर एक दगडी सूर्यघड्याळ. हे २००० सालच्या सूर्योदयासाठी उभारलेलं. म्हणजे आमचा इतिहास सुरूच झाला अगदी परवाच्या गोष्टीने.

तिथून क्रिस्टियनस्टेड. पिवळ्या रंगाचा किल्ला, कमानींखालून जाणारे फुटपाथ, उन्हापासून वाचवणारे. डॅनिश लोकांनी १७३३ साली हे बेट फ्रेंचांकडून विकत घेतलं आणि नंतर हे गाव वसवलं. म्हणजे हे बेट एकदा नव्हे, निदान दोनदा विकलं गेलंय. अमेरिकेच्या दहा डॉलरच्या नोटेवर ज्याचं चित्र आहे तो अलेक्झांडर हॅमिल्टन इथल्या एका पेढीवर पोरवयात कारकुनी करत होता. १७७२च्या वादळाचं त्याने लिहिलेलं वर्णन छापून आलं, ते वाचून लोक थक्क झाले आणि त्यांनी वर्गणी काढून त्याला शिकायला उत्तर अमेरिकेत धाडलं. त्याच्या आईला मात्र त्याच्या जन्माआधी याच पिवळ्या किल्ल्यात कोंडलं होतं, नवऱ्याच्या तक्रारीवरून. गाइडच्या यादीत बाई शेवटी येते, आली तर. आम्ही कोठडीपाशीच उभे होतो, त्यामुळे तीच आधी भेटली.

मग उत्तर किनाऱ्याने सॉल्ट रिव्हर. इथे १४९३च्या नोव्हेंबरमध्ये कोलंबसची माणसं उतरली, स्थानिकांशी चकमक झाली, बाण चालले. कोलंबसने त्या टोकाला बाणांचं भूशिर असं नाव दिलं आणि पुढे निघून गेला. आम्ही तिथे पोचलो तेव्हा एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याला कोलंबसाबद्दल काही विचारलं नाही. मासे लागतायत का, एवढंच विचारलं, 'गुड मॉर्निंग' म्हणून.

बेटाच्या मध्यातून सेंटरलाइन रोड जातो. त्याच्या आजूबाजूला जिकडेतिकडे दगडी पवनचक्क्यांचे थोटे बुरूज. पंखे गेलेत, बुरुजातून झाडं उगवलीयत. एकेकाळी शंभराहून जास्त होत्या. वाऱ्यावर चरकाची लाट फिरायची, उसाचा रस पन्हळीने खाली उकळायच्या खोलीत. व्हिम नावाच्या इस्टेटीत हे सगळं जपून ठेवलंय. आपल्या गुऱ्हाळात एकच भलीमोठी काहिल असते. इथे मोठीपासून धाकटीपर्यंत ओळीने मांडलेल्या, आणि रस दाट होत एकीतून दुसरीत जाणार. आणि ही सगळी मेहनत गुलामांची. ऊस चरकात सारताना हात अडकला तर तोडायला कोयता शेजारीच टांगलेला असे. व्हिमचं मालकाचं घर मात्र फार देखणं आहे, लंबगोल, भोवती कोरडा खंदक. ते बघताना मला दर दोन मिनिटांनी खिडकीबाहेर त्या बुरुजाकडे बघावंसं वाटत होतं.

इथेच आपल्याकडचा एक धागा निघतो. गुलामी संपल्यावर मळ्यांना मजूर कमी पडले. डॅनिश सरकारने इंग्रजांशी बोलणी करून १८६३ साली कलकत्त्याहून 'मार्स' नावाच्या जहाजातून तीनशेवर गिरमिटिये इथे आणले. त्रिनिदादला, गयानाला अशी जहाजं वर्षानुवर्षं येत राहिली. सेंट क्रॉयला हे एकच आलं. करार संपल्यावर त्यातले बहुतेक लोक परत गेले. या मार्गावर त्यांच्यासाठी वेगळा थांबा नाही. कुठल्या इस्टेटीवर त्यांची वाटणी झाली असेल याचा विचार करत मी उगाच सगळ्या चिंचेच्या झाडांकडे बघत राहिले.

एवढ्यात गाडीसमोरून एक मुंगूस गेलं. भाच्याने करकचून ब्रेक दाबला. मी (माझाही पाय दाबलेलाच होता) अगदी नकळत "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शप्पथ" म्हणून गेले. अमेरिकेत वाढलेल्या भाच्याला वाटलं, मावशी मंत्र म्हणतेय. ते मुंगूसही आपल्याकडचंच. उसातले उंदीर खायला म्हणून १८७२ साली कलकत्त्याहून मुंगसं जमैकात नेली आणि तिथून ती बेटाबेटांवर पसरली. पण उंदीर हिंडतात रात्री आणि मुंगूस दिवसा. त्यामुळे उंदीर राहिले ते राहिलेच, मुंगसांनी पक्ष्यांची आणि कासवांची अंडी फस्त केली. गिरमिटिये परत गेले, मुंगसं राहिली.

सेंटरलाइन रोडचं अधिकृत नाव क्वीन मेरी हायवे. कुठली तरी युरोपातली राणी असेल असं मी धरून चालले होते. ती निघाली मेरी थॉमस, उसाच्या मळ्यातली मजूर बाई. गुलामी १८४८ साली संपली खरी, पण नंतर कायदा असा केला की वर्षाचा करार मोडायचा तर एकच दिवस, १ ऑक्टोबर. १८७८ च्या १ ऑक्टोबरला मजूर फ्रेडरिक्स्टेडला जमले, भडका उडाला, गावाचा बराच भाग आणि कितीतरी मळे जळाले. त्या उठावाचं पुढारपण करणाऱ्या बायांना लोकांनी राण्या म्हटलं. मेरीला कोपनहेगनच्या तुरुंगात नेलं. पुढे त्याच कोपनहेगनमध्ये, ज्या गोदामात एकेकाळी या बेटांवरची साखर उतरत असे त्याच्यासमोर, २०१८ साली तिच्यावरून घडवलेला पुतळा उभा राहिला, एका हातात मशाल आणि दुसऱ्यात ऊस तोडायचा कोयता. बेटावरचा हमरस्ता तिच्या नावाचा आणि त्यावरून आम्ही दोघं ताशी ३५ मैलांनी जात होतो, खड्डे चुकवत.

पश्चिमेकडे गेलं की निवडुंग संपतात. महोगनी रोडवर दोन्ही बाजूंनी झाडं इतकी गच्च की दुपारी दिवे लावावे लागतात. बेट केवढं, आणि एका टोकाला खडखडाट, दुसऱ्याला ओलं रान. या रानात एका खोपटवजा बारमध्ये बिअर पिणारी डुकरं आहेत. अख्खा कॅन तोंडात धरून फोडतात. बिअर बिनदारूची देतात म्हणे आता. भाच्याने दोन कॅन घेतले. मी बाहेर थांबले, कारण मला डुकरांपेक्षा कुरणातल्या लाल, बिनशिंगांच्या गाई बघायच्या होत्या. सेनेपोल ही जात इथेच तयार झाली, सेनेगलच्या आणि इंग्लंडच्या गाईंच्या संकरातून.

नकाशात नाही ते दक्षिण किनाऱ्यावर आहे: तेल शुद्धीकरणाचा अवाढव्य कारखाना. साखर १९६६ च्या सुमारास संपली आणि तेल आलं. २०१२ मध्ये कारखाना बंद पडला, २०२१ मध्ये सुरू झाला आणि आसपासच्या छपरांवर तेलाचे थेंब पडले म्हणून महिन्यांत पुन्हा बंद. इथे लोक छपरावरचं पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत साठवून वापरतात, म्हणजे तेल थेट टाकीत. वारसा म्हणून हे कुणी दाखवणार नाही, पण मला वाटतं, दाखवावं. शेवटी मोबाइलच्या आवडत्या हायवेवरूनच तो दिसतो. तेवढ्यापुरता मोबाइल बरोबर होता.

फ्रेडरिक्स्टेडला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. लाल किल्ला. १८४७ साली डॅनिश राजाने ठरवलं होतं की गुलामांनी आणखी १२ वर्षं थांबावं, मग सुटका. पुढच्याच वर्षी २ जुलैच्या रात्री शंख फुंकले गेले, घंटा वाजल्या आणि ३ जुलैला हजारो लोक या किल्ल्यापुढे येऊन उभे राहिले. गव्हर्नर पीटर फॉन शॉल्टनला त्यांच्यासमोर सांगावं लागलं की तुम्ही सगळे आजपासून मोकळे. राजाला विचारायला वेळच नव्हता.

किल्ल्याजवळच्या एका खाणावळीत आम्ही मक्याच्या पिठाचा, भेंडी घालून घोटलेला फंगी आणि कलालू नावाचं पालेभाजीचं कालवण घेतलं. वाढणाऱ्या बाईला भाच्याने अगदी ऐटीत 'गुड नाइट' म्हटलं आणि ती खूश झाली. कुठून कुठे आलात, तिने विचारलं. पूर्वेकडून, अख्खा मार्ग, असं सांगितल्यावर तिने मान हलवली. उलटं यायला हवं होतं म्हणाली. दुपारचं जेवून इथून निघायचं, ऊन पाठीवर राहतं, डोळ्यांत जात नाही. आणि गोष्टही इथूनच सुरू करावी, लोक मोकळे झाले तिथून, कोलंबसापासून कशाला?

भाच्याने लगेच नकाशा टेबलावर पसरला.

"मावशी, उद्या उलटं जायचं?"

"जाऊ या. पण पेट्रोल तू भर, आणि डुकरांना बिअर मी पाजणार नाही."