तुम्ही विचारलंत म्हणून : अजून शाहूपुरीतच?

"काकू, अजून शाहूपुरीतच राहताय व्हय? विकून टाका की आता." लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, कुठंही कुणी ओळखीचं भेटलं की हे येतंच. माझी सख्खी बहीणसुद्धा विचारते. ती पाचगावला राहते. तिच्याकडं गेटवर वॉचमन आहे, गाडी लावायला आखलेली जागा आहे. तिला मी दर वेळी "बघू" म्हणते. आज नीट सांगते.

मी १९८४ साली कागलहून लग्न होऊन इथं, कोल्हापूरच्या शाहूपुरीत आले. पोरगी कुठं दिली, असं कुणी विचारलं की आई आधी "शाहूपुरीत" म्हणायची, जावई काय करतो ते नंतर. तेवढ्यावर समोरच्याचं समाधान व्हायचं. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ ही व्यापारी पेठ वसवली. खाली पेढी, वर घर. सासरे सांगायचे, हंगामात गुळाच्या गाड्यांची रांग लागायची आणि रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या वासानं घरातला चहासुद्धा गोड लागायचा. मी आले तेव्हा त्यातलं बरंच सरलं होतं, पण माणसं होती. संध्याकाळी कट्ट्यावर बसलेल्या चार म्हाताऱ्यांच्या नजरेतून गल्लीत शिरलेलं अनोळखी पोरगंही सुटायचं नाही. दिवा गेला तर त्याच रात्री कुणीतरी तक्रार करून यायचं.

आता काय आहे ते तुम्ही बघताच. वर कुलूप, खाली गोदाम. संध्याकाळी सातला शटर पडलं की गल्लीत अंधार आणि कुणाच्या तरी लावून ठेवलेल्या गाड्या. सगळे म्हणतात, पुरानं वाट लावली. पुराला मी कमी लेखत नाही. पंचगंगा चढली की जयंती नाल्याचं पाणी मागं फिरतं आणि आधी कुंभार गल्लीत, मग आमच्याकडं येतं. १९८९, २००५, २०१९, २०२१. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. फ्रीज, गाद्या, मुलाची दहावीची वह्या-पुस्तकं जपून ठेवलेली पेटी, सगळं गेलं. पण पाणी आठ-दहा दिवसांत उतरतं. चिखल उपसता येतो, आम्ही चार वेळा उपसलाय. जे उतरत नाही ते दुसरंच आहे.

आमच्या भिंतीला लागून एक वाडा आहे. तिथले आजोबा मृत्युपत्र न करता गेले. मग मुलं, मुली, त्यांची मुलं, असं करत आज प्रॉपर्टी कार्डावर १७ नावं आहेत. पुण्यात, नाशकात, एक तर अमेरिकेत. कुणी वाईट नाही, भेटले की पाया पडतात. पण विकायचं म्हटलं तर १७ सह्या लागतात, आणि पैसे घालायचे म्हटलं तर "मी एकट्यानं का?" हा प्रश्न येतो. त्यांचं काय चुकलं म्हणायचं? खाली एक जुना भाडेकरू होता, महिना ४० रुपये. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. ४० रुपयांवर ती होते १ रुपया ६० पैसे. त्यात कौल बदलायला गवंडी कोण बोलावणार? भाडेकरूही बिचारा आपल्या खर्चानं डागडुजी करत राहिला, मग थकला आणि मुलाकडं गेला. पुढच्या पावसात मंगळुरी कौलं सरकली. वासे कुजले. पिंपळ उगवला. आता त्यांच्या घरातलं पाणी आमच्या सामाईक भिंतीतून माझ्या स्वयंपाकघरात उतरतं. पावसाळ्याआधी दारावर धोकादायक इमारतीची नोटीस चिकटते, तीही पावसात गळून पडते.

असं एक घर पडलं की शेजारचा विचार करायला लागतो. तो कळंब्याला नाहीतर उजळाईवाडीला फ्लॅट घेतो, खालचा मजला गोदामाला देतो. त्यात पूररेषा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत मोकळ्या जागेवर नवं घर बांधता येत नाही. हे बरोबरच आहे, नदीची जागा नदीला हवीच. पण नकाशावर रेषा आल्यापासून गिऱ्हाईक आधी ती विचारतं आणि मग निम्म्या किमतीला मागतं.

माझंही घर या वाटेनं जाऊ शकतं. आमचे हे गेल्यावर मी पहिलं काम केलं ते दोन्ही मुलांना बसवून कागद करून घेण्याचं. मोठा रुसला होता, "आई, एवढ्यात काय घाई?" मी ऐकलं नाही. शेजारच्या १७ जणांच्याही मागं लागलेय. वाडा विकण्याचं नंतर बघू, नुसतं छप्पर उतरवायला तरी संमती द्या म्हणते. आजवर अकरा सह्या झाल्यात. नाशिकच्या वन्सं फोन उचलत नाहीत, पण उचलतील.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. २०२१ च्या जुलैत पाणी चढायला लागलं तेव्हा कुंभार गल्लीतली दोन पोरं धावत आली. "काकू, माळा मोकळा हाय का?" शाडूच्या कच्च्या मूर्ती, पाणी लागलं तर वर्षाची कमाई चिखलात. गणपतीला दीड महिना होता. गल्लीत वरची किती दारं वाजवली असतील त्यांनी, सगळीकडं कुलूप. मी मुलाची खोली रिकामी केली, जिन्यावर रांग लावून आम्ही मूर्ती वर चढवल्या. रात्री खाली पाणी आणि वर भिंतीला टेकून बसलेले बिनरंगाचे गणपती. मी जिन्यातच बसले होते, कुणाचा हात मोडू नये म्हणून.

तेव्हापासून पाऊस धरला की त्यातल्या एकाचा फोन येतो. यंदा मीच आधी केला. म्हटलं, खोली झाडून ठेवलीय, बंधाऱ्यावर पाणी चढायला लागलं की वाट बघू नका, लगेच या.