आठवीनंतरची मुलगी कुणाच्या भरवशावर?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातील आमचे गाव रिकामे होऊ लागते. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली ऊसतोडणीची जोडपी भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून कोल्हापूर-सांगलीकडे, कधी थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर जातात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपून मार्च-एप्रिल उजाडेपर्यंत, परतत नाहीत.

लहान मुलांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळांत हंगामी वसतिगृहे चालतात. नाव वसतिगृहाचे असले, तरी अनेक ठिकाणी मुले रात्री आजी-आजोबांपाशीच झोपतात आणि शाळेत त्यांच्या जेवणाची सोय होते. या योजनेवर मीही पुष्कळ टीका केली आहे. पण आमच्याकडची पहिली-दुसरीची लेकरे तिच्यामुळेच गावात राहिली, हे मान्य करावे लागते. खरी अडचण पुढे आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, हंगामी वसतिगृहही आठवीपर्यंतचेच, आणि नेमके त्याच वयात मूल फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, उपयोगी पडू लागते. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एकट्याचा अर्धा. त्यामुळे वाढत्या मुलाकडे अर्धा कोयता म्हणून पाहिले जाते, तर मुलीकडे कोपीवरचा (फडाजवळच्या झोपडीतला) स्वयंपाक आणि धाकटे भावंड येते.

आम्ही चौघांनी समाजमंदिरात नववी-दहावीच्या मुलांसाठी सायंकाळची अभ्यासिका सुरू केली, तेव्हा फळा, पुस्तके, सतरंज्या सगळे जमवले. मुले आली, मुली आल्या नाहीत. विचारायला गेले, तेव्हा सामानाची बांधाबांध करणारी एक आई हातातले काम न थांबवता म्हणाली, "बाई, पुस्तकाचं सोडा, रातची पोर कुणाच्या भरवशावर ठेवू?" या प्रश्नाचे उत्तर आमच्या सतरंज्यांपाशी नव्हते. मुलीला एकटी ठेवण्याच्या धास्तीने तिचे लग्न लवकर उरकणारी घरेही मी पाहिली आहेत.

मग आम्ही अभ्यासिका एका आजीच्या ओसरीवर हलवली आणि वेळ जेवणानंतरची केली, कारण संध्याकाळी मुलींना पाणी आणि भाकरी चुकत नाही. आजी उंबऱ्यात बसून जपमाळ ओढते, कुणी दहा मिनिटे उशिरा आली की तिच्या घरी निरोप धाडते, आणि आठवड्यातून दोनदा फोनवर फडातल्या आयांना प्रत्येकीची खबर देते. बीजगणित मी शिकवते, पण मुली गावात राहतात त्या आजीमुळे. मध्येच शाळा सुटलेल्या एकीने गेल्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून, दहावीची परीक्षा दिली. अंगाला पिठाचा वास घेऊनच ती भूमितीच्या आकृत्या काढायची.

राज्य सरकारने २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवान बाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर केली, आणि जिथे ती चालू आहेत तिथे आम्ही मुली पाठवतोही. मात्र ओळखीचे माणूस तिथे सोबत गेल्याशिवाय आई मुलीचा हात सोडत नाही, म्हणून पहिल्या दिवशी आमच्यापैकी कुणीतरी एसटीने बरोबर जाते आणि अधीक्षिकेशी आईचे फोनवर बोलणे करून देते.

यंदाच्या यादीत अकरा मुली आहेत. आठजणी ओसरीवर येणार आहेत. तिघींच्या घरी अजून बोलणे चालू आहे, आणि त्यांच्या टोळीची गाडी सोमवारी भरणार आहे.