गोठ्यातला फ्रिज

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण घरी येणारा प्रत्येक माणूस हेच विचारतो, गोठ्यात बंद पडलेला फ्रिज कशाला ठेवलाय? थंड पाण्याच्या आशेने दार उघडतात आणि आत रंधे, पटाश्या, गिरमिटं बघून परत लावतात.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटं. गुरं गेल्यावर गोठ्यात सुतारकाम सुरू केलं, हौस म्हणून. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, हत्यारांना खोबरेल चोपडून, फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवायची आणि गणपतीच्या मखरासाठी काढावी तर पटाशीवर तांबूस पापुद्रा, दर वर्षी. खारी हवा हो, मीठ लोखंडावर बसतं आणि हवेतलं पाणी ओढत राहतं.

मग शेजारच्या काकांच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला. भंगारवाला देणार होता ते पैसे मीच दिले न् हातगाडीवरून घरी आणला. दाराचं रबर शाबूत होतं, मला तेवढंच हवं होतं. आत १५ वॉटचा बल्ब लावला, जुना तारेचा, एलईडी नको कारण तो पुरेसा तापत नाही. आतली हवा जरा गरम राहिली की दमटपणा उतरतो. बल्बला लाकडी मुठी टेकू द्यायच्या नाहीत आणि मागच्या गॅसच्या नळीला हात लावायचा नाही, बाकी काही नाही.

पहिल्या वर्षी मी शहाण्याने ओली करवत तशीच आत टाकली, त्यात दोन दिवस लाईट गेली. दार घट्ट, ओल आतच, पेटीत गंजली नसती एवढी गंजली! आता पुसून, तासभर चुलीपाशी ठेवून मगच आत.

बाकीचं सामान निसर्ग वादळाचं. ३ जून २०२० ला आमच्याकडे किती घरांची छपरं गेली, लोकांनी मग पत्रे घातले आणि जुने वासे सरपणात. मी एक सागवानी दार आणि दोन तुळया मागून आणल्या, दाराचं टेबल केलं. त्याआधीचं प्लायचं टेबल एका पावसात फुगून पापडासारखं सुटलं होतं. हे लाकूड पन्नासेक पावसाळे खाऊन बसलंय, त्याचं जे वाकायचं ते वाकून झालंय. फक्त खिळे बघा. डोकं तुटून आत राहिलेल्या एका खिळ्याने माझ्या रंध्याच्या पात्याचा कोपरा उडवला, तेव्हापासून फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून आधी फळीवरून फिरवतो, खिळा असला की ते खेचलं जातं.

सध्या फ्रिजचा खालचा कप्पा माझ्याकडे नाहीये. बायकोने पोह्याच्या पापडांचा डबा ठेवलाय, म्हणते श्रावणातसुद्धा मऊ पडले नाहीत.