लांबडं, शरभ आणि लळा: एका कल्पित जगाचा शब्दसाठा जमवताना

आमच्या खेळात ड्रॅगन आहेत, सिंहाच्या अंगाचे पंखवाले ग्रिफिन आहेत आणि माणसांशी त्यांचं जन्मभराचं नातं जुळतं. प्रत्येकाने एक भूमिका घ्यायची, अडलं की फासे टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची, असा हा प्रकार. आम्ही बहुतेक पुण्यातले, एक सावंतवाडीची मैत्रीण, एक न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर. खेळ मराठीतच चालतो. पण जनावरांचा विषय निघाला की सगळे घसरायचे. "माझा हॅचलिंग अजून बॉन्ड नाही झाला, सॅडल कुणाकडे आहे?" राजे, सरदार, डाकू मराठीत बोलतात आणि ड्रॅगन दिसला की एकदम कॉन्व्हेंटमध्ये जातात, हे काही बरं दिसत नव्हतं. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे 1932 ते 1938 मध्ये निघालेले खंड माझ्या घरी आहेत, एवढ्याच पात्रतेवर शब्दसाठा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिली यादी मात्र माझी नव्हती. आमच्यातल्या एका संस्कृतप्रेमी मित्राने ती उत्साहाने पाठवली होती. ड्रॅगनवर बसणारा तो उरगारोही, ग्रिफिन म्हणजे पक्षसिंह, अंडं फुटण्याचा समारंभ म्हणजे अंडविभेदन. वर राज्यव्यवहारकोशाचा दाखला. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द करवून घेतले, पेशव्याचा पंतप्रधान केला, मुजुमदाराचा अमात्य केला, मग आपण का नाही? मुद्दा बिनतोड वाटतो, पण तो कोश दरबारासाठी होता. त्याचे वर्ग पाहिले तरी कळतं: राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग. पहाटे ओल्या अंगाचं, चिडलेलं जनावर दावणीतून बाहेर काढणारा माणूस "अरे, तो उरग आवर" असं ओरडणार नाही.

भांडण मिटलं ते वेगळ्याच वाटेने. त्याची यादी आम्ही टाकली नाही, राजधानीला देऊन टाकली. आमच्या जगात आता सरकारी कागदावर उरगारोही असतात, त्यांना सनदा मिळतात, त्यांच्या नावाने कर भरला जातो. तबेल्यात मात्र दुसरी भाषा. ती कुठून आणायची, हे माझं काम. एक नियम सगळ्यांनी मानला: शब्द यादीत आला म्हणून टिकत नाही. न आठवता, न बघता कुणाच्या तोंडून खेळात आला तरच ठेवायचा. दोन-तीन बैठकांत आला नाही तर काट.

ड्रॅगनपासून सुरुवात केली. अजगर, महोरग, व्याल, सगळे शब्द आपापल्या ठिकाणी छान, पण कुणीच ते उच्चारेना. मग आजोळची आठवण झाली. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही. "जनावर निघालं" म्हणायचं, नाहीतर "लांबडं". भीतीही त्यात आहे आणि घरोबाही. लांबडं हा शब्द टाकला आणि त्याच संध्याकाळी धरला गेला. लांबड्यावर बसणारा लांबडेवाला. सनदेत उरगारोही लिहिलेल्या माणसाला बाजारात कुणी "ए लांबडेवाल्या" अशी हाक मारली की त्याचा चेहरा कसा होत असेल, यावर आमचं एक अख्खं प्रकरण उभं राहिलं.

आपल्याकडे सरपटणाऱ्या जनावराशी जोडी जमवणारा माणूस काही नवा नाही, हेही याच वेळी ध्यानात आलं. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात तानाजी सिंहगड चढायला यशवंती घोरपड काढतो. ती अर्ध्यातून मागे फिरते, तो तिला दम देतो, मग ती चढते. घोरपडे आडनावाची कथाही दोर बांधलेल्या घोरपडीचीच. इतिहासकार या गोष्टी मानत नाहीत आणि घोरपडीचा जीव पाहता मावळ्याचं वजन तिला पेलणार नाही, हे उघड आहे. पण शाहिराला नातं ठाऊक होतं. जनावर आधी नाही म्हणतं, माणूस चिडतो, दोघांत वाद होतो आणि मग काम होतं. आमच्या पहिल्या लांबडीचं नाव यशवंती ठेवायला कुणाचीच हरकत नव्हती.

ग्रिफिनला शब्द शोधावाच लागला नाही. तो किल्ल्यांच्या दारांवर बसलेला आहे. सिंहाचं अंग, कधी पंख, कधी पंजात हत्ती: शरभ. पुराणातला शरभही अर्धा सिंह, अर्धा पक्षी. जंजिऱ्याच्या दरवाजावरचा पशू पाहिलाय ना? चार पायांखाली चार हत्ती, एक जबड्यात, एक शेपटीत गुंडाळलेला. त्याला शरभ म्हणावं की नुसता सिंह, यावर जाणकार वाद घालोत. आमच्या चित्रकाराने नखांची ठेवण तिथूनच उचलली. शरभ सांभाळणारा शरभदार, किल्लेदार-शिलेदाराच्या चालीवर.

खरी अडचण नात्याच्या शब्दाची होती. बंध म्हटलं की राखी आठवते, गाठ म्हटली की लग्न. कोनराड लोरेंझ या शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात हंसांच्या पिल्लांवर काम केलं. अंड्यातून निघाल्यावर जे हलताना दिसेल त्याच्या मागे पिल्लं लागतात, मग ती आई असो की दाढीवाला माणूस. कल्पित जगांत ड्रॅगनशी नातं बहुधा असंच जुळवतात: अंडं फुटतं, डोळे भिडतात, झालं. मला ते फार स्वस्त वाटतं. त्यापेक्षा लळा बरा. लळा लावावा लागतो आणि लळा लागतो. लावणं माणसाच्या हातात, लागणं जनावराच्या. मधे कितीही महिने जाऊ शकतात आणि कधीकधी लागतच नाही.

पण लळा लागला, हे खेळात कळणार कसं? इंग्रजी खेळांत खेळ चालवणारा जाहीर करतो किंवा फाशावर आकडा यावा लागतो. आम्हाला तेही करावं लागलं नाही, मराठी व्याकरणानेच ते काम केलं. अंड्यातून निघतं ते पिल्लू, म्हणजे ते. ते भुकेलं, ते झोपलं, ते चावलं. लळा लागेपर्यंत ते नपुंसकलिंगीच राहतं. एकदा आमचा न्यू जर्सीचा गडी आपल्या पिल्लाचं वर्णन करत होता. ते कोपऱ्यात बसलंय. मी मांस टाकलं, ते हललं नाही. मी पाठ फिरवली आणि दिवा मालवायला गेलो. मग म्हणाला, "ती माझ्या मागे उभी आहे."

कॉलवर कुणीच काही बोललं नाही. त्यालाही आपण काय म्हणालो ते एका क्षणानंतर कळलं. तेव्हापासून हाच नियम. लळा लागल्याचं कुणी सांगत नाही, वाक्याचं लिंग बदलतं. दुसऱ्याच्या लांबडीला मुद्दाम "ते" म्हणणं ही आमच्या जगातली सगळ्यात मोठी शिवी आहे आणि जोडी तुटली की लोक हळूहळू परत "ते" म्हणू लागतात. सावंतवाडीच्या मैत्रिणीने लगेच फाटा फोडला. "आमच्याकडे चेडवाक 'ता'च म्हणतत, तेका काय शिवी म्हणशात?" बरोबर आहे, मालवणीत चेडू म्हणजे मुलगी आणि तिला 'ता', म्हणजे 'ते'च म्हणतात. म्हणून आमच्या जगातल्या किनारपट्टीवर नपुंसकलिंग हेच लाडाचं आणि घाटावरून आलेले शरभदार तिथे उतरले की उगाच तलवारीला हात घालतात.

सरंजामाचे शब्द पुस्तकातून मिळतात: खोगीर, तंग, रिकीब, लगाम, तोबरा, खरारा. पण वापरताना काय बोलतात ते पुस्तकात नसतं. मी माथेरानला गेले. तिथे मोटारी दस्तुरीलाच थांबतात, पुढे घोडे मिळतात. एका घोडेवाल्याशी बोलणं जमलं. घोड्याच्या पोटाखालून जाणारा पट्टा, म्हणजे तंग, त्याने आवळला आणि मी रिकिबीत पाय घालणार, तर म्हणाला, "थांबा ताई. याने दम धरलाय."

घोड्याने तंग आवळताना छाती फुगवून ठेवली होती. त्याने त्याला दहा-बारा पावलं नुसतं फिरवलं, मग तंगाखाली दोन बोटं सरकवली. आधी बोटंही जात नव्हती, आता पंजा जाईल एवढी फट. घोड्याने श्वास सोडला होता. त्याने परत आवळलं, घोड्याने कान मागे टाकले, दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. "नाहीतर तुम्ही खोगिरासकट पोटाखाली," एवढंच म्हणाला. माझ्या वहीतला सगळ्यात कामाचा शब्द हाच. आमच्याकडे उडायच्या आधी प्रत्येक लांबडं दम धरतं आणि नवशिक्याला पहिली गोष्ट शिकवतात ती दमफेरी. ती न घालता उडालेल्यांची गाणी नसतात.

वयाचे शब्द मी बैलांच्या बाजारातून घेतले. आदत, दुसा, चौसा, दात पाहून वय सांगायची ही पद्धत शर्यतीच्या गटांतही चालते. ड्रॅगनच्या तोंडात हात घालून दात मोजणारा व्यापारी हे पात्र यातूनच जन्मलं. रंग आणि खुणा घोड्यांकडून: चारही पाय आणि कपाळ पांढरं असलं की पंचकल्याणी, मानेवरचा शुभ भोवरा देवमणी, अंगावरची अशुभ रेष म्हणजे गोम. केसांऐवजी खवले उलटे वळलेले असतात, इतकाच फरक. व्यवहारात "यात काहीतरी गोम आहे" म्हणणाऱ्या आमच्या खेळाडूंना ती जनावराच्या अंगावर असते हे ठाऊक नव्हतं.

शरभांसाठी शिकारी पक्ष्यांकडे वळले. पाळलेल्या ससाण्याने शिकार करणं आता 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे इतिहासजमा आहे, पण शब्द शिल्लक आहेत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात राजाच्या करमणुकींत श्येनविनोद आहे. जर्डनसारख्या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज पक्षीतज्ज्ञांनी बाजदारांच्या तोंडची नावं टिपून ठेवली आहेत. मला त्यांतलं एक फार आवडलं. मूळ नाव मादीचं, नराला वेगळं. बाज म्हणजे मादी, तिचा नर जुर्रा. शिक्रा मादी, नर चिपका. मादी मोठी, शिकार तिची, म्हणून नावही तिचंच. आमच्याकडे आता शरभ म्हटलं की मादीच समजायची, व्याकरण काहीही म्हणो. नराला जुर्रा म्हणतात आणि जुर्ऱ्यावर बसणाऱ्या सरदाराला आपली चेष्टा होतेय की नाही ते कळत नाही.

एक शब्द मात्र सगळ्यांत लांबून आला. इसवीसनापूर्वी 1400 च्या आसपास पश्चिम आशियातल्या मितान्नी राज्यातल्या किक्कुली नावाच्या घोडेशिक्षकाची पद्धत मातीच्या पाट्यांवर लिहिलेली आहे. त्या पाट्या हित्तींच्या राजधानीत, आजच्या तुर्कस्तानात सापडल्या. मजकूर हित्ती भाषेत, पण फेऱ्यांचे शब्द संस्कृतच्या नात्यातले, आपल्या ओळखीचे: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच, सात वळसे. दरबारी संस्कृतला नाक मुरडणारी मी, पण हा शब्द तबेल्यातलाच होता, फक्त साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या. "पाचवर्तन झाल्याशिवाय पाणी नाही," हे वाक्य आता आमच्याकडे कुणीही म्हणतं. संस्कृतप्रेमी मित्राने यावर विजयी मुद्रेने केलेला मेसेज मी इथे देत नाही.

हुद्द्यांत फार वेळ गेला नाही. मराठ्यांच्या फौजेत स्वतःच्या घोड्यावरचा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावरचा बारगीर. ड्रॅगन कुणाच्या मालकीचा नसतो, म्हणून शिलेदार गळाला. बारगीर राहिला: दुसऱ्याच्या लांबड्यावर, त्याला लळा नसताना, हुकुमाने बसवलेला माणूस. वाईट नोकरी आहे.

काही कोनाडे अजून रिकामे आहेत. मराठीत गाईम्हशीचं शेण, घोड्याची लीद, शेळीच्या लेंड्या, प्रत्येकाला आपापला शब्द. लांबड्याचं काय? आमची पशुवैद्य मैत्रीण म्हणते, मांसाहारी असल्यामुळे ते गवऱ्या थापण्याजोगं नसणार, तेव्हा शेण म्हणू नका. राजधानीच्या कागदांत "उरगमल" आहे, त्यावर हसून झालं. पुण्याच्या एका खेळाडूने "जळकी" सुचवलंय, कारण तो माल अजून धुमसत असणार. पुढच्या बैठकीत यशवंतीचा तबेला झाडायची पाळी त्याचीच आहे, तेव्हा त्याच्या तोंडून काय निघतं ते बघू.