टेकू लावलेली खिडकी

गिरगावात आमच्या चाळीच्या मागच्या जिन्याला टेकू लागले तेव्हा मी पाचवीत होतो. 'तात्पुरते आहेत,' असं सगळे म्हणायचे. मी नोकरीला लागलो तेव्हाही ते तिथेच होते. फक्त एव्हाना त्यांना दोऱ्या बांधून दोन बिऱ्हाडं कपडे वाळत घालू लागली होती. दर पावसाळ्याआधी इमारत धोकादायक असल्याची नोटीस लागायची. आम्ही ती उभ्याउभ्या वाचायचो आणि आत जाऊन चहा टाकायचो.

गेल्या वर्षी कॉम्प्युटरच्या पडद्यावर तशीच नोटीस झळकली आणि मी सवयीनं उठून चहा टाकला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला. म्हणजे कॉम्प्युटर काही बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा सुरू झाला, पंखा नेहमीसारखा कुरकुरला. फरक एवढाच, की आता कुठे भगदाड पडलं तर ते बुजवायला कोणी फिरकणार नाही.

हा कॉम्प्युटर मी २०१७ मध्ये स्वतःच्या हातानं जुळवला. लॅमिंग्टन रोडला तीन शनिवार घालवले. (पाटीवर भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावानं पत्ता विचारला तर लोक तुम्हाला पाहुणा समजतात.) प्रोसेसर एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्या, कॅबिनेट तिसऱ्या, आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, मात्र 'त्यात पैसे वाचवू नका काका' असं बजावणाऱ्या पोराकडून. घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलो. प्रोसेसरवर बसवायच्या पंख्याला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात. समोरासमोरच्या जोडीनं दाबायच्या, टक्क आवाज आला की बसली. तीन बसतात. चौथी दाबताना मदरबोर्ड असा वाकतो, की आपण हजारो रुपयांचा पापड मोडतोय असं वाटतं. त्यानंतर कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक वायरी. त्यांच्यावरची अक्षरं मुंगीला चष्मा लावून वाचावी लागतील इतकी लहान. रात्री साडेअकराला बटण दाबलं, पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं आली. एवढा आनंद मला पगारवाढीचाही झालेला नाही.

मग प्रश्न आला, आता यात टाकायचं काय?

बाजारात विंडोज १० येऊन दोन वर्षं झाली होती. मला हवं होतं सात. सात २००९ चं. हाताला बसलेलं, डाव्या कोपऱ्यातलं ते गोल बटण अंधारातही सापडणारं. मधल्या आठनं ते बटणच गायब केलं होतं आणि त्या धसक्यातून मी सावरलो नव्हतो. तेव्हा सातची डीव्हीडी घातली. भाषा निवडायचा पडदा आला आणि माउस मेला. कीबोर्डही. दुसरा माउस लावला, तोही मेला. यूएसबीची सगळी भोकं पालथी घातली. तासाभरानं उलगडा झाला: या नव्या बोर्डावर यूएसबी चालवणारी यंत्रणा नव्या जातीचीच तेवढी होती, आणि २००९ च्या डीव्हीडीला ती ओळखूच येत नव्हती. घर नवीन, पाहुणा जुना, आणि दाराची कडी कुठे आहे ते त्याला ठाऊक नाही.

माळ्यावर एका पिशवीत जुना कीबोर्ड होता, गोल जांभळ्या पिनचा, पीएस-टू म्हणतात तो. बायको दर दिवाळीला तो भंगारात काढायची आणि मी दर दिवाळीला परत माळ्यावर टाकायचो. बोर्डाच्या मागे, सगळ्या चकचकीत भोकांच्या शेजारी, एक गोल भोक निमूट बसलं होतं. पिन घातली, टॅब दाबला, पडद्यावरची चौकट हलली. त्या रात्री सगळं विंडोज मी माउसशिवाय, टॅब आणि एंटर करत चढवलं.

एवढं करून काय मिळालं? काही आठवड्यांनी निरोप आला: तुमचा प्रोसेसर या विंडोजच्या मानानं फार नवा आहे, यापुढे अपडेट मिळणार नाहीत. मुकाट्यानं लायसन्स घेऊन दहा टाकलं. आठवड्याभरात हात रुळला आणि सातची आठवण यायची थांबली. हे मी कबूल करतो, कारण 'जुनंच बरं होतं' म्हणणाऱ्यांत मीही मोठ्यानं बोलत असे.

गंमत पुढची आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अकरा आलं. त्याच्या अटी निघाल्या: टीपीएम २.० हवा, सुरू होताना खातरजमा करणारा सिक्युअर बूट हवा, इंटेलचा असेल तर प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा हवा. टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी तिजोरी. माझ्या बोर्डात ती होती, फक्त बंद ठेवलेली. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, शिरून चालू केली आणि मुलगा पास झाल्यासारखा उड्या मारत तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. नापास. माझा प्रोसेसर आय-फाइव्ह ७४००, सातव्या जनरेशनचा. २०१७ मध्ये सातसाठी जो फार नवा होता, तोच चार वर्षांत अकरासाठी फार जुना ठरला. वरात निघण्याआधी लहान म्हणून मागे ठेवलेल्या पोराला, वरात परत आली तेव्हा 'आता तुझं वय गेलं' असं सांगावं, तसं झालं. त्याच्या नशिबी एकच खिडकी, दहावी.

आडवाटेनं अकरा चढवता येतं, हे मला माहीत आहे. पण जिथे राहायचं तिथे मागच्या दारानं शिरायचं नाही, असं एक माझं खूळ आहे. आणि तेव्हाच ध्यानात आलं, की या डब्यातला प्रत्येक स्क्रू माझा आहे, पावती माझ्याकडे आहे, चौथी खुंटी मी बसवली आहे. पडद्यावर मात्र मी पागडीवाला. खोली माझी म्हणायची, रंगही मी द्यायचा, आणि इमारतीचं काय करायचं ते मालक ठरवणार.

तरी नव्याबद्दल माझ्या मनात खरी अढी नाही, आणि त्याचं कारण मराठी. सातच्या आधीच्या विंडोज एक्सपीवर नेटवरचा मराठी मजकूर उघडला की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर लोंबायची, जोडाक्षरांचे पाय मोडून पडलेले असायचे. त्यावर उपाय कंट्रोल पॅनेलच्या पोटात होता. 'गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहायच्या भाषा (थाईसह)' अशा अर्थाच्या एका चौकटीत खूण करायची. मग ते एक्सपीची सीडी मागायचं. सीडी सापडली की कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा, आणि मगच 'क्ष' चा क्ष दिसायचा. आपली बाळबोध लिपी तिथे थाईच्या सोबतीनं गुंतागुंतीची ठरली होती! सातमध्ये हे काहीच करावं लागलं नाही. ज्या दिवशी नवाकोरा कॉम्प्युटर उघडल्या उघडल्या 'कर्तृत्व' नीट दिसलं, त्या दिवसापासून एक्सपीच्या पडद्यावरच्या त्या हिरव्या टेकडीसाठी हळहळणं मी सोडून दिलं.

शिवाय जुन्यात राहणाऱ्याला खाली कोण आणतं, हेही पाहिलंय. धोकादायक इमारतीतले लोक नोटिशीला भीत नाहीत, पाणी तोडलं की हलतात. शेजारच्या काकांनी पाठिंबा संपल्यावरही, म्हणजे २०२० नंतरही, सात सोडलं नव्हतं. विषाणू आले तर बघू म्हणायचे. विषाणू आले नाहीत. २०२३ च्या सुरुवातीला क्रोमनं सातसाठी नव्या आवृत्त्या देणं थांबवलं आणि मग हळूहळू एकेक दार लागत गेलं. शेवटी बँकेचं पान उघडेना, तेव्हा काका हलले.

भाची पुण्याला आयटीत आहे. फोनवर म्हणाली, "मामा, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाक ना, फुकट आहे. आणि ते डावीकडचं बटण पण आहे तुझं." पेनड्राइव्हवरून, काही न पुसता, चालवून पाहिलं. बटण होतं. मराठी होतं, मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड होता, प्रिंटरसुद्धा काही न विचारता चालला, जे त्यानं विंडोजवर कधी केलं नव्हतं. दोन संध्याकाळी मी खूश होतो. तिसऱ्या संध्याकाळी बायकोनं तिचं हिशेबाचं सॉफ्टवेअर कुठे गेलं म्हणून विचारलं. ते फक्त विंडोजवर चालतं.

तेव्हा सध्या टेकू लावलाय. घरगुती वापरासाठी सुरक्षेची डागडुजी आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळायची सोय होती, त्यात नाव घातलं. जुन्या १२० जीबीच्या एसएसडीवर मिंट बसवलं. सकाळी तिचे हिशेब दहावर, रात्री माझं लिहिणं मिंटवर. हेही तात्पुरतंच.

मागच्या शनिवारी तरी लॅमिंग्टन रोडला चक्कर मारून आलो, नुसते भाव विचारायला. एसएमपीएसवाला पोरगा आता दुकानाचा मालक झालाय. "काका, सेव्हन्थ जनरेशनमध्ये काय ठेवलंय आता," म्हणत त्यानं एका नव्या मदरबोर्डाचा खोका पुढ्यात ठेवला आणि रॅमचा वेग, एसएसडीच्या जागा सांगू लागला. मी खोका उलटा केला. मागच्या बाजूला बोर्डाच्या भोकांचं चित्र असतं. चष्मा कपाळावर सरकवून, बोट फिरवत मी शोधत होतो.

गोल भोक होतं.